पाळण्यात बसून पोट भरतं का?

"मी थीम पार्कचे व्हिडिओ करते," असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास हसतो आणि विचारतो, "म्हणजे पाळण्यात बसायचे पैसे मिळतात?" सोसायटीतल्या काकूंपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. अलीकडे कॉलेजातली मुलंमुलीही विचारतात, पण त्यांचा सूर वेगळा असतो. त्यांना हे खरंच करायचं असतं. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी मूळची सोलापूरची. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर गड्डा, आणि गड्ड्यात आकाशपाळणा. पाळणा वर गेला की एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला किल्ला दिसायचा, तेवढ्यात खालून मौत का कुआँच्या मोटरसायकलींचा आवाज यायचा. हे वेड तिथलं. लग्नानंतर चिंचवडला आले, एका कंपनीत अकाउंट्सला लागले. २०१९ मध्ये फोनवरच यूट्यूब चॅनेल सुरू केलं, नोकरी सोडली २०२३ मध्ये. मधली वर्षं आठवडाभर व्हाउचर आणि रविवारी राइड असाच संसार होता. त्यातही २०२० च्या मार्चमध्ये सगळी पार्कं बंद झाली, तेव्हा पगार चालू होता म्हणून निभावलं. आधी राजीनामा आणि मग चॅनेल असा बेत असेल तर तो आजच मोडा.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. इमॅजिकाच्या नायट्रोवर बसून किंचाळले. खोपोलीजवळचं हे पार्क २०१३ मध्ये सुरू झालं. नायट्रो ही तिथली फ्लोअरलेस रोलरकोस्टर, म्हणजे पायाखाली फळीच नसते, पाय लोंबकळत ठेवून उलटंपालटं व्हायचं. मी जीव काढून ओरडले, रात्री जागून एडिट केलं, आणि महिन्याभरात व्ह्यूज आले दोनशे चाळीस. त्यातले निम्मे सोलापूरचे नातेवाईक. किंचाळणाऱ्यांना यूट्यूबवर तोटा नाही, आणि ते माझ्यापेक्षा चांगल्या कॅमेऱ्यावर किंचाळतात.

माझा पहिला चाललेला व्हिडिओ साडेअकरा मिनिटांचा आहे आणि त्यात एकही राइड नाही. त्याची गोष्ट सांगते, कारण माझा सगळा धंदा तिथून सुरू झाला.

लोणावळ्याकडच्या एका वॉटर पार्कात कपडे बदलायच्या खोलीत बारामतीकडच्या सात जणी भेटल्या. नणंदा-भावजया, हौसेने तिकिटं काढून आलेल्या. दारावरच्या मुलीने सांगितलं होतं, सुती पंजाबी ड्रेस पाण्यात चालणार नाही, नायलॉनचंच हवं. भाड्याचे कॉश्च्यूम घेतले तर दोघींना बसेनात, आणि दोघींना ते घालून दिरासमोर जायची लाज. "ताई, तुम्ही नेहमी येता वाटतं. आधी कुणी सांगितलं असतं तर घरूनच काही शिवून आणलं असतं," त्यातली थोरली म्हणाली. सातपैकी चौघी दिवसभर कट्ट्यावर पर्स सांभाळत बसल्या. पूर्ण तिकीट भरून.

घरी येऊन मी व्हिडिओ केला. वॉटर पार्कला जाताना बायकांनी काय घालायचं, एवढाच विषय. सुती कपडा का नको? तो भिजून जड होतो, त्याचे धागे पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात. जीन्सची बटणं आणि चेन घसरगुंडीच्या फायबरला ओरखडे काढतात. मग पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा नायलॉनचा पोशाख कसा असतो, माप कसं घ्यायचं, मंगळसूत्र आणि बांगड्यांचं काय करायचं, टिकली घरीच का ठेवायची. कापड टेबलावर ठेवून दाखवलं, अंगावर घालून नाही. एप्रिल लागला आणि तो व्हिडिओ धावायला लागला. दर एप्रिलला धावतो.

तेव्हा कळलं की आपला प्रेक्षक राइडवर बसलेला नसतोच. तो आदल्या रात्री साडेदहाला, पोरं झोपल्यावर हिशेब मांडून बसलेला असतो. चौघांची तिकिटं, पेट्रोल, टोल, जेवण मिळून एका दिवसाला हजारो रुपये मोडणार असतात आणि ते वाया जाऊ नयेत ही त्याची काळजी. घरचा डबा आत नेऊ देतात का? बाळाचं दूध गरम करून मिळेल का? साडेतीन फुटांच्या मुलाला किती राइड मिळतील? लॉकरची अनामत परत मिळते का? एसटीने आलं तर शेवटचा टप्पा कसा गाठायचा? याची उत्तरं मराठीत, नीट, एका जागी देणारा माणूस त्याला हवा असतो. मी पार्कात गेले की पहिले दोन तास राइडकडे बघतही नाही. गेटवरचे फलक, उंचीच्या पट्ट्या, मेनूचे दर, स्वच्छतागृहं, सावलीतली बाकं यांचे शॉट घेते. कंटाळवाणं काम आहे. पण पोट त्यावर आहे.

आता पैशाचं, कारण तुम्ही तेवढ्यासाठीच वाचताय.

यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं जाणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, एक कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपल्याला मिळतात, शॉर्ट्सचा हिशेब ४५ टक्क्यांचा. खात्यात दहा डॉलर साठले की गूगल पत्ता खरा आहे का ते तपासायला त्या पत्त्यावर पिन पाठवतं, चक्क टपालाने. माझं खातं माहेरच्या पत्त्यावर होतं. बाबांनी ते पाकीट जाहिरातीचं समजून रद्दीत टाकलं, आणि पुन्हा मागवण्यात महिना गेला. शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे बाहेर येत नाहीत. मला पहिला हप्ता मिळायला दोन वर्षं लागली.

आणि गूगल मागतं तो कराचा फॉर्म भरायला विसरू नका. आपण भारतात बसून अमेरिकेचा कर कशाला भरायचा, असं म्हणून मी तो बाजूला ठेवला होता. ती माहिती दिली नाही तर सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. दिली तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर, आणि तेही भारताशी असलेल्या करारामुळे १५ टक्के. न्यू जर्सीतले मराठी लोक सुट्टीत घरी यायच्या आधी माझे व्हिडिओ बघतात, तेवढ्यापुरतंच माझं कापलं जातं.

मराठी व्हिडिओला जाहिरातीचा भाव कमी. माझ्या चॅनेलवर बऱ्या महिन्यात दोन लाख व्ह्यूज आले की हातात पाच-साडेपाच हजार येतात. त्यात चिंचवडमध्ये घरभाडंही निघत नाही. डिसेंबरपर्यंत जाहिराती चढ्या असतात, जानेवारीत धाडकन पडतात. शिवाय आपला हंगाम म्हणजे एप्रिल-मे, दिवाळी, आणि सहलींचा डिसेंबर. जून ते सप्टेंबर खोपोलीचा पाऊस काय असतो ते ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि तिकीट काढून आलेले आपण छपराखाली भजी खात बसतो.

मग घर कशावर चालतं? कर्जत-खोपोली पट्ट्यातल्या छोट्या रिसॉर्टांसाठी मी रील करून देते, शूट आणि एडिटसकट. ही माझी मुख्य भाकरी. दोन शाळांच्या सहलींचं शूटिंग दरवर्षी ठरलेलं आहे. तिकिटांच्या आणि पोशाखाच्या लिंकवरून थोडी दलाली सुटते. जाहिरातीचे पैसे म्हणजे वरचं तूप. पण चॅनेल नसतं तर रिसॉर्टवाल्याने मला दारात उभं केलं नसतं, म्हणून ते चालू ठेवायचं. फुकट पास किंवा मुक्काम मिळाला तर तोही कमाईत धरला जातो. एकाच कंपनीकडून वर्षात वीस हजारांच्या वर असं काही मिळालं तर त्यावर दहा टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला. मी अकाउंट्समधली, तरी पहिल्या वर्षी चुकले.

फुकट पासाचीच एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या बाजूने नाही. एका पार्काने (नाव नको) आम्हा चौघांना बोलावलं, मानपान केला. दुपारी जेवणाच्या रांगेत आम्ही पन्नास मिनिटं उभे होतो आणि भात संपला होता. ते मी शूट केलं. व्हिडिओ टाकायच्या आधी तिथल्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, तेवढं जेवणाचं काढता आलं तर बघा ना." मी काढलं. पंधरा दिवसांनी नाशिकच्या एका बाईंची कॉमेंट आली: "ताई, तुमच्या भरवशावर सासऱ्यांना घेऊन गेले. शुगर आहे त्यांना. दोनला ताट मिळालं." यावर काय उत्तर देणार? तो व्हिडिओ मी उतरवला. आता पास घेते तेव्हा पहिल्या मिनिटात तोंडाने सांगते की तिकीट पार्कने दिलंय. तसं सांगणं नियमानेही बंधनकारक आहे, जाहिरात परिषदेची नियमावली २०२१ ची आणि केंद्र सरकारची २०२३ ची. पण माझ्यापुरतं कारण नाशिकच्या त्या बाई आहेत.

राइडवरचं शूटिंग हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक ठिकाणी हातात फोन घेऊन कोस्टरवर बसू देत नाहीत आणि ते बरोबर आहे. त्या वेगात सुटलेला फोन मागच्या डब्यातल्या माणसाच्या तोंडावर दगडासारखा बसतो. डिस्नेने तर २०१५ मध्ये आपल्या पार्कांत सेल्फी स्टिकवरच बंदी घातली. मी सुरुवातीला जर्किनच्या बाहीत कॅमेरा लपवून नेला होता. सुपरवायझरने खाली उतरल्यावर सगळ्या रांगेसमोर कार्ड रिकामं करायला लावलं. दिवस फुकट गेला, आणि मान खाली घालून गेटपर्यंत चालत जाणं वेगळंच.

त्यापेक्षा आठवडाभर आधी मार्केटिंगला चार ओळींची मेल टाका: मी कोण, कुठल्या तारखेला येते, कुठल्या राइड हव्यात, पाहुण्यांचे चेहरे घेणार नाही. चॅनेलच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट जोडा. दहा मेलला तीन उत्तरं येतात. आलं की साधारण सकाळी गेट उघडायच्या आधीची वेळ देतात, तेव्हा राइड रिकाम्या फिरवून तपासत असतात. कॅमेरा घट्ट बसवायचा, वर दोरीने वेगळा बांधायचा, आणि तिथल्या मेंटेनन्सच्या माणसाने हात लावून "हं, चालेल" म्हटल्याशिवाय गाडी सोडू द्यायची नाही. त्या माणसांशी गोडीने वागा. कुठली राइड पुढच्या आठवड्यात बंद राहणार हे तेच सांगतात.

एका शॉटसाठी मी एकदा नायट्रोवर सलग सात फेऱ्या मारल्या. पुढचे चार दिवस मान वळत नव्हती. आता तीनच्या वर नाही.

पाण्यातलं शूटिंग मात्र मी जवळजवळ बंद केलंय. वेव्ह पूलला कॅमेरा फिरवला की भिजलेल्या अनोळखी बायका आणि उघडी पोरं फ्रेममध्ये येतातच. कुणाची परवानगी घेत फिरणार? भल्या सकाळी रिकाम्या पूलचे शॉट घ्यायचे, बाकी बोलून सांगायचं. शिवाय तिथे डीजे लागलेला असतो. हिंदी गाणी मागे वाजत असली की यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात. माझे एका मे महिन्याचे तीन व्हिडिओ असे गेले, म्हणजे ऐन हंगामात मी एका संगीत कंपनीसाठी राबले. तेव्हापासून जागेवरचा आवाज बंद, वरून घरी रेकॉर्ड केलेलं बोलणं. कपाटात गोधड्यांमध्ये बसून रेकॉर्ड करते. स्टुडिओ वगैरे काही नाही.

अजून एक खड्डा. व्हिडिओ टाकताना 'मुलांसाठी बनवलेला आहे का' असं विचारतात. पार्क म्हणजे मुलांचंच, असं समजून मी हो म्हणत गेले. जानेवारी २०२० पासून अशा व्हिडिओंवर कॉमेंट बंद असतात आणि प्रेक्षकाच्या आवडीनुसारच्या जाहिराती येत नाहीत, म्हणजे कमाई घसरते. पैशापेक्षा मला कॉमेंटचं दुःख झालं, माझे सगळे विषय तिथून येतात. माझे व्हिडिओ आईबापांसाठी आहेत, म्हणून आता तसंच नोंदवते. कार्टून लावून पोरांना रमवणारा व्हिडिओ करणार असाल तर खोटं नोंदवू नका.

साहित्याबद्दल फार विचारू नका. फोन, कॉलरचा माईक, पॉवर बँक, दोन मेमरी कार्डं, आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. हार्ड डिस्कवर मात्र पैसे घाला. कारण सांगते. २०१८ मध्ये भाच्यांना घेऊन गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेले होते, चॅनेलचा विचारही नव्हता. बोटीतून उतरतानाचं, झिपर डिपर राइडच्या रांगेतलं, आइसक्रीम सांडल्यावर रडणाऱ्या भाच्याचं फोनवर घेतलेलं हलकंसलकं फुटेज. लॉकडाऊनमध्ये काही नव्हतं म्हणून ते टाकलं. १९८९ पासूनचं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं आणि त्या व्हिडिओखाली माणसं जमली. कुणी सहावीची सहल सांगतंय, कुणी म्हणतंय बाबांचा शेवटचा हसरा फोटो तिथलाच. आता मी कुठेही गेले की दहा मिनिटं नुसती पार्कातली साधी फेरी टिपते, गेटपासून गेटपर्यंत, न बोलता. आज त्याला कुणी विचारत नाही.

परवा एकाने विचारलं, ऐंशी वर्षांच्या आजीला नेलं तर तिचा दिवस कसा जाईल? उत्तर मला येत नाही. पुढच्या मंगळवारी सासूबाईंना घेऊन खोपोलीला जाते आहे. त्यांचं वय शहात्तर, गुडघे दुखतात आणि तोंड फटकळ. त्यांनी अट घातलीय की चहा घरचा, थर्मासमधला, आणि तो गेटवर अडवला तर भांडण त्या करणार, मी फक्त शूट करायचं.