२६ नोव्हेंबरची स्मृतिसभा कशी घ्यावी

मुंबईवर २००८ मध्ये झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्यांच्या स्मरणार्थ शाळेत, वाचनालयात किंवा गृहनिर्माण संस्थेत सभा घ्यायची असेल, तर तयारीची सुरुवात नावांच्या यादीपासून करावी.

वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतून नावे गोळा करून ती एकमेकांशी ताडून पाहावीत. परदेशी नावांचे उच्चार जाणकारांकडून आधीच शिकून घ्यावेत, कारण गेलेल्या माणसाचे नाव चुकीचे उच्चारले जाणे हा त्याच्यावर पुन्हा झालेला अन्यायच आहे. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि गिरगाव चौपाटीवर हल्लेखोराची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांचे स्मरण सर्वत्र होते आणि ते झालेच पाहिजे. पण सर्वाधिक माणसे ज्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मारली गेली, तेथे गावाकडच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत. म्हणून वाचनाचा आरंभ त्यांच्यापासून करावा. नावे सावकाश वाचावीत, हुद्दे व पदव्या लावू नयेत आणि वेळ वाचवण्यासाठी एकही नाव गाळू नये.

परिसरात एखाद्या मृताचे कुटुंब राहत असेल, तर प्रत्यक्ष भेटून निमंत्रण द्यावे. त्यांनी नकार दिला, तर कारण विचारू नये. ते आले, तर त्या रात्रीची हकिगत सांगण्याचा आग्रह धरू नये आणि परवानगीवाचून त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. हल्लेखोरांची छायाचित्रे, गोळीबाराची ध्वनिमुद्रणे आणि प्रसंगाची नाट्यरूपांतरे पूर्णपणे टाळावीत, विशेषतः सभेला मुले येणार असतील तर.

वक्त्यांशी आधी स्पष्ट बोलून घ्यावे. एखाद्या समाजाला दोषी ठरवणारे भाषण या सभेत होता कामा नये, कारण टर्मिनसवरील मृतांमध्ये हिंदूंबरोबर मुसलमान प्रवासीही होते. मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास तेथील मुस्लिम विश्वस्तांनी ठाम नकार दिला होता. ही गोष्ट वक्त्याने अवश्य सांगावी. एकजुटीवरील लांबलचक व्याख्यानापेक्षा ती मुलांच्या मनात अधिक खोल रुजेल, असे मला मनापासून वाटते.

हाच दिवस संविधान दिनही आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले. त्यामुळे नावांचे वाचन आणि दोन मिनिटांचे मौन झाल्यावर सर्वांनी उभे राहून उद्देशिका एकत्र वाचावी. त्यातील बंधुतेचे वचन आधीच्या नावांनंतर लगेच उच्चारले जावे, म्हणून मध्ये आभारप्रदर्शन घालू नये. सभेनंतर यादीतील दुरुस्त्या नोंदवून ती वाचनालयाकडे सोपवावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आयोजकांना शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार नाही.