नारिताहून घरापर्यंत: आई-बाबा टोकियोला येण्याआधीची तयारी

तिकीट निघालं की सगळ्यात आधी त्यावरचा विमानतळाचा कोड बघा. एनआरटी म्हणजे नारिता, एचएनडी म्हणजे हानेदा. दोन्ही टोकियोचेच, पण दोघांची घरी येण्याची वाट पूर्ण वेगळी. एअर इंडियाची दिल्लीहून येणारी सेवा 2025 पासून हानेदाला उतरते आणि हानेदा शहराला लागूनच आहे. मुंबईहून थेट किंवा बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग असं बदलत येणारी बरीच मंडळी मात्र नारिताला उतरतात. हे टिपण त्यांच्यासाठी, आणि खरं तर इथे त्यांची वाट बघणाऱ्या मुलामुलींसाठी. नारिता मध्य टोकियोपासून साधारण 60 किलोमीटरवर आहे. टॅक्सी केली तर 20,000 येनांच्या पुढे भाडं जातं. म्हणजे रेल्वेच. प्रश्न कुठल्या रेल्वेचा, एवढाच.

त्याचं उत्तर विमान सुटायच्या निदान एक आठवडा आधी पक्कं करून ठेवा. आठ-दहा तासांच्या प्रवासानंतर, अपुऱ्या झोपेत, तिकिटाच्या यंत्रासमोर उभं राहून ठरवायची ही गोष्ट नव्हे. आणि ठरवताना सगळ्यात वेगवान गाडी कुठली हे बघू नका. शेवटचा टप्पा बघा: घराजवळच्या स्थानकावर पोचेपर्यंत किती वेळा गाडी बदलावी लागते आणि बॅगा किती वेळा वर-खाली न्याव्या लागतात. पासष्टीच्या आई-वडिलांना दहा मिनिटं जास्त बसून राहण्याचं काही वाटत नाही. 23 किलोची बॅग घेऊन गर्दीच्या स्थानकात लिफ्ट शोधत फिरण्याचा मात्र फार त्रास होतो.

विमानतळाच्या तळघरात दोन वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या गाड्या लागतात: जेआर (जपान रेल्वे) आणि केइसेई. विमानतळ 1978 साली सुरू झाला तेव्हा इथवर शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आणायचा बेत होता. त्याचं काम सुरू होऊन अर्ध्यावर बंद पडलं, आणि टर्मिनलच्या थेट खाली रेल्वे यायला 1991 साल उजाडलं. तोवर केइसेई कंपनीच्या गाडीतून उतरून बसने टर्मिनल गाठावं लागे. आता एकाच छताखाली जेआर आणि केइसेई दोघीही आहेत. खिडक्या वेगळ्या, फाटकं वेगळी, तिकिटं वेगळी. घरी बसून कंपनीचं नाव ठरलेलं असेल तर खाली पोचल्यावर निम्मा गोंधळ आपोआप टळतो.

केइसेईची स्कायलायनर सगळ्यात वेगवान. ताशी 160 किलोमीटरपर्यंत धावते आणि टर्मिनल 2·3 च्या (2 आणि 3 मिळून एकच) स्थानकावरून निप्पोरीला कमीत कमी 36 मिनिटांत आणून सोडते. सगळ्या जागा आरक्षित, बॅगांसाठी डब्याच्या टोकाला जागा, भाडं 2,500 येनांच्या थोडं वर. घर यामानोते मार्गाच्या (शहराभोवती गोल फिरणाऱ्या जेआरच्या मार्गाच्या) उत्तर किंवा पूर्व बाजूला असेल, किंवा हॉटेल उएनोला असेल, तर हीच घ्या. जेआरमध्ये बदलायचं असेल तर निप्पोरीलाच उतरा. उएनोला केइसेईचं स्थानक जेआरच्या स्थानकापासून वेगळं आहे, मध्ये चालावं लागतं.

जेआरची नारिता एक्सप्रेस टोकियो स्थानकाला तासाभरापेक्षा थोड्या कमी वेळात पोचते आणि पुढे शिबुया, शिंजुकू किंवा योकोहामाकडे जाते. भाडं 3,000 येनांच्या वर. मुलाचं घर योकोहामाला असेल तर हिच्याइतकी सोयीची गाडी दुसरी नाही, एकदा बसलं की मध्ये कुठे बदलणं नाही. एक काळजी मात्र घ्या. काही गाड्यांचे टोकियो स्थानकावर दोन भाग होतात, एक शिंजुकूकडे जातो आणि दुसरा योकोहामाकडे. त्यामुळे तिकिटावरच्या डब्यातच बसायचं, रिकामी जागा दिसली म्हणून दुसऱ्या डब्यात जायचं नाही. टोकियो स्थानकावर उतरून पुढे शिंकान्सेन पकडायची असेल तर मध्ये चांगला अर्धा तास ठेवा. ही गाडी जमिनीखाली पाचव्या मजल्यावर येते आणि वर यायला वेळ लागतो. परदेशी पासपोर्टवर मिळणारं सवलतीचं जाऊन-येऊन तिकीट बरंच स्वस्त पडतं, पण परतीचा प्रवास 14 दिवसांत करावा लागतो. दोन आठवड्यांच्या सहलीला ते उत्तम. तीन महिने राहायला येणाऱ्या आई-बाबांसाठी मोहात पडून ते घेऊ नका.

तिसरी गाडी केइसेईचीच, अ‍ॅक्सेस एक्सप्रेस. तिचं नाव सहसा कुणी सांगत नाही, आणि टोकियोच्या पूर्वेकडच्या निशी-कासाईत राहणाऱ्या आपल्या लोकांना तर हीच सगळ्यात उपयोगाची. ती स्कायलायनरच्याच मार्गावरून येते. जादा भाडं नाही, आरक्षण नाही, सुमारे 1,400 येनांत साधारण तासाभरात थेट निहोनबाशीला. तिथे मेट्रोचा तोझाई मार्ग धरला की पंधराएक मिनिटांत निशी-कासाई. सगळ्या प्रवासात गाडी एकदाच बदलायची. स्कायलायनरने निप्पोरीला लवकर पोचाल, पण तिथून निशी-कासाईला यायला आणखी दोनदा बदलावं लागतं आणि वाचवलेला वेळ तिथेच संपतो. अ‍ॅक्सेस एक्सप्रेसची अडचण अशी की ती दिवसा साधारण चाळीस मिनिटांनी एक असते, म्हणून तिचं वेळापत्रक फोनमध्ये साठवून ठेवा. फलकावर ती नारिंगी रंगात दिसते. शिवाय ही नोकरदारांचीही गाडी आहे, सकाळी चिबा न्यू टाउनपासून भरत जाते. ती टर्मिनल 1 च्या स्थानकावर सुरू होते, त्यामुळे तिथे उतरणाऱ्यांना जागा मिळते. टर्मिनल 2·3 वर चढणाऱ्यांनी सकाळची पहिली भरलेली गाडी सोडून द्यायचीही मनाची तयारी ठेवावी.

आई-बाबा एकटेच येणार असतील आणि तुम्हाला विमानतळावर जाता येणार नसेल, तर स्थानकांची नावं पाठ करायला सांगू नका, क्रमांक द्या. टोकियोत प्रत्येक मेट्रो स्थानकाला मार्गाचं इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो, फलकांवर तो ठळक दिसतो. निहोनबाशी आसाकुसा मार्गावर (अ‍ॅक्सेस एक्सप्रेस शहरात याच मार्गाने येते) ए 13, तोझाई मार्गावर टी 10, आणि निशी-कासाई टी 16. जाड पेनाने कागदावर लिहून द्या: ए 13 ला उतरायचं, टी 10 वरून चढायचं, टी 16 ला उतरायचं. आणि त्याच कागदावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हे: तोझाई मार्गावरची जलद गाडी घ्यायची नाही, धीमीच घ्यायची. जलद गाडी तोयोचो सोडल्यावर थेट उरायासूला थांबते, निशी-कासाई आणि कासाई दोन्ही मागे टाकून. मुंबईकरांना हे वेगळं समजावावं लागत नाही, पुण्या-नाशिकच्या मंडळींना मात्र दोनदा सांगा. जलद गाडीवर लाल अक्षरांत 快速 लिहिलेलं असतं. ती दोन चिन्हं कागदावर काढून पुढे फुली मारून ठेवा.

आता पैसे. भारतातून निघताना प्रत्येकी दहा-पंधरा हजार येन रोख आणा. यंत्रांवर सुइका किंवा पास्मो कार्डात (फाटकावर टेकवून भाडं भरायचं कार्ड) पैसे भरायला अजूनही रोखच लागते, आणि लहान दुकानांतही ती उपयोगी पडते. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर आपणहून सुरू करून घ्यावा लागतो. ते काम निघण्याच्या दोन दिवस आधी करा आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये उघडून खात्री करा. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून बाहेरच्या देशांच्या कार्डांवर येन निघतात. सुइका कार्ड माणशी एक लागतं, दोघांत एक चालत नाही. पर्यटकांचं वेलकम सुइका अनामत न घेता मिळतं, पण 28 दिवसांत संपतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. जास्त दिवस राहणाऱ्यांनी 500 येन अनामत भरून साधं कार्ड घ्यावं. आणखी एक लक्षात ठेवा: सुइकात फक्त मूळ भाडं जातं. स्कायलायनर किंवा नारिता एक्सप्रेसच्या आरक्षणाचं वेगळं तिकीट काढावंच लागतं. कार्ड टेकवून फाटक उघडलं म्हणून गाडीत बसायचा हक्क मिळाला असं होत नाही.

कागदपत्रांत व्हिजिट जपान वेबवर (इमिग्रेशन आणि कस्टम्ससाठीची जपान सरकारची वेबसाइट) आधीच माहिती भरून क्यूआर कोड तयार करा. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक छापील प्रतही, कारण उतरल्यावर नेट चालू होईलच असं नाही. घराचा पत्ता इंग्रजीत आणि जपानीत, दोन्हीत छापा. पत्त्याचा पिन कोड आणि तुमचा इथला फोन नंबर त्याच पानावर हवा. या पानाचा उपयोग आधी इमिग्रेशनला होतो, मग सामानाच्या काउंटरवर, आणि रस्ता चुकलाच तर स्थानकातल्या कर्मचाऱ्यापाशी. ते लोक मनापासून मदत करतात, पण जपानीतला पत्ता समोर असेल तर काम एका मिनिटात होतं. ईसिम भारतातच टाकून, चालू करून बघा.

सामान भरताना नियम एकच: माणशी एक मोठी बॅग, जी तो माणूस स्वतः ओढू शकतो, आणि पाठीवर एक पिशवी. लेकीसाठी मसाले, पापड, भाजणी सगळं आणा, पण ताजा कढीपत्ता, आंबे आणि मांसाचे पदार्थ नकोत. तपासणीत ते काढून घेतले जातात आणि तेवढ्यात गाडी निघून जाते. बॅगा दोनपेक्षा जास्त झाल्या, किंवा आईचे गुडघे दुखत असतील, तर बाहेर पडण्याच्या हॉलमध्येच सामान घरपोच करणाऱ्या कंपन्यांचे काउंटर आहेत. काळ्या मांजराचं चिन्ह दिसेल ते त्यांतलंच. एका बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन, आणि बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी दारात. मी हा खर्च प्रत्येकाला आग्रहाने करायला सांगते. आई-बाबा मोकळ्या हातांनी गाडीत बसतात आणि खिडकीबाहेर बघत येतात, त्याची किंमत करता येत नाही. फक्त त्या रात्रीचे कपडे, औषधं, चार्जर आणि पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत काढून ठेवा.

उतरल्यानंतरच्या वेळेचा अंदाज सैल ठेवा. इमिग्रेशनची रांग कधी वीस मिनिटांची असते, कधी दीड तासाची. म्हणून ठराविक गाडीचं आरक्षण भारतातून करू नका. बाहेर आल्यावर पुढच्या गाडीचं तिकीट काढा, दिवसा फार थांबावं लागत नाही. टर्मिनल 3 ला उतरणाऱ्यांनी स्थानकापर्यंत बरंच चालावं लागतं हे धरून चालावं. गाडीत बसण्याआधी पाणी भरून घ्या आणि स्वच्छतागृहात जाऊन या. एक्सप्रेस गाडीत डबा उघडून खायला हरकत नाही, मेट्रोत मात्र कुणी खात नाही आणि फोनवरही बोलत नाही. खरकटं टाकायला कचरापेट्या जवळपास दिसत नाहीत, म्हणून एक रिकामी पिशवी जवळ असू द्या. विमान रात्री दहानंतर उतरणार असेल तर घरी पोचायची घाई सोडा आणि विमानतळाजवळच्या हॉटेलात एक रात्र काढा. शेवटची स्कायलायनर मिळेलही, पण त्यापुढची धीमी गाडी मिळेलच असं नाही.

गणपतीच्या सुमाराला येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ऑगस्ट-सप्टेंबर हे इथले वादळाचे दिवस. सप्टेंबर 2019 मध्ये फाक्साई वादळानंतर नारिताला जाणारी रेल्वे आणि रस्ते दोन्ही बंद पडले आणि 13,000 हून अधिक माणसांनी रात्र विमानतळावरच काढली. त्या महिन्यांत हातातल्या पिशवीत एका दिवसाची औषधं, चिवडा किंवा बिस्किटं, पातळ शाल आणि भरलेली पॉवर बँक हवीच. वादळाची बातमी असेल तर रेल्वे कंपन्या आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवण्याची सूचना देतात, ती बघण्याचं काम इथे असलेल्या तुमचं.

परतीची तयारी वेगळी, कारण गर्दीची दिशा उलटी होते. येताना सकाळी निहोनबाशीहून निशी-कासाईकडे गाडी बरीच मोकळी मिळते. जाताना सकाळी तोझाई मार्गावर शहराकडे जाणारी गर्दी टोकियोतल्या सगळ्यात वाईट गर्दींपैकी आहे, साडेसात ते नऊच्या मध्ये मोठी बॅग घेऊन आत शिरणं अशक्यच. विमान दुपारच्या आधीचं असेल तर बॅगा दोन-तीन दिवस आधी त्याच सामान घरपोच करणाऱ्या कंपनीकडून विमानतळाच्या काउंटरवर पाठवा. पावतीवर विमान कंपनी, विमान क्रमांक आणि टर्मिनल लिहायचं असतं, आणि बॅग प्रस्थानाच्या हॉलमध्ये मिळते. पासपोर्ट किंवा दागिने चुकूनही तीत राहू देऊ नका. साध्या सुइकात उरलेले पैसे आणि अनामत जेआरच्या खिडकीवर परत मिळते. वेलकम सुइकातले विमानतळावरच्या दुकानात पाणी-खाऊवर संपवून टाका. आणि गाडीत बसताना टर्मिनलचा आकडा पुन्हा बघा. शहराकडून येताना आधी टर्मिनल 2·3 चं स्थानक लागतं, मग शेवटचं टर्मिनल 1. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर घाबरायचं कारण नाही, टर्मिनलांमध्ये मोफत बस फिरते; तिच्यासाठी हाताशी अर्धा तास जास्तीचा असू द्या.