बेसी कोलमनच्या बालपणावर दहा मिनिटांचं भाषण कसं बांधावं

८ मार्चला शाळेत किंवा वाचनालयात महिला वैमानिकांवर बोलायचं ठरलं की बेसी कोलमनचं नाव निघतं. पण भाषण थेट विमानात जाऊन बसतं आणि बालपण ‘अत्यंत गरिबीत गेलं’ एवढ्यावर उरकतं. ही गरिबी नेमकी कशाची होती, ते समजल्याशिवाय पुढचं उड्डाण समजत नाही. म्हणून दहांतली सहा मिनिटं बालपणाला द्या. मिनिटाला साधारण ११० शब्द धरले तर साडेसहाशे शब्द होतात. त्याहून मोठं टाचण केलंत तर शेवटी घाई होते आणि ती फ्रान्सला जाऊन विमान शिकली, नेमका तोच भाग गडबडतो.

आधी तीन गोष्टी पक्क्या करा. जन्म २६ जानेवारी १८९२, गाव अटलांटा, राज्य टेक्सास. राज्याचं नाव गाळलंत तर ऐकणारा जॉर्जियातलं मोठं अटलांटा शहर समजून बसतो. तिच्या वैमानिक परवान्यावर जन्मसाल १८९६ आहे. ते पाहून टाचणातलं साल बदलू नका. परवान्यावर वय कमी लागलेलं आहे. आणि ‘जगातली पहिली महिला वैमानिक’ म्हणू नका. तो मान रेमोंद द लारोश या फ्रेंच बाईंचा, आणि त्यांच्या परवान्याची तारीखही ८ मार्चच, साल १९१०. बेसी ही परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. अमेरिकेतल्या मूळनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) वंशाचीही ती पहिलीच. एवढं पूर्ण वाक्य म्हणा, ते पुरेसं मोठं आहे.

आता घर. बेसी १३ भावंडांतली दहावी. आई सुझन कृष्णवर्णीय, वडील जॉर्ज यांच्या रक्तात चेरोकी या मूळनिवासी जमातीचा वंश. ती दोन वर्षांची असताना कुटुंब टेक्सासातल्याच वॉक्सहॅची गावी आलं. तिथे ते अर्धेलीनं शेती करत. इथे थांबा आणि अर्धेली समजावून सांगा, कारण साऱ्या हालांचं मूळ त्यात आहे. जमीन मालकाची, राबणं कुळाचं. बियाणं, अवजारं आणि वर्षभराचं वाणसामान बहुधा उधारीवर. पीक निघालं की मालकाचा वाटा आणि उधारी आधी वळती व्हायची, उरेल ते घरात. हिशेबाची वही मालकाकडे असल्यानं कर्ज फिटता फिटत नसे. घरातले जास्त हात म्हणजे कापसाची जास्त वेचणी, म्हणून मुलंही शेतात. गिरणगावच्या श्रोत्यांनी कापूस पाहिलेला असतो तो गाठींमध्ये. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात हे त्यांना मुद्दाम सांगावं लागतं.

शाळेचं वर्णन विशेषणांनी करू नका. एक खोली, फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी, रोज चार मैलांची पायपीट. चार मैल म्हणजे जवळपास साडेसहा किलोमीटर. दादर स्टेशनपासून साधारण खार स्टेशनपर्यंत, असं सांगा. वेचणीचा हंगाम आला की शिक्षण थांबायचं. तरी गणितात ती हुशार होती, हे इथेच जोडा.

१९०१ साली वडील घर सोडून आजच्या ओक्लाहोमाकडे गेले. या ठिकाणी बहुतेक भाषणांत ‘बापानं वाऱ्यावर सोडलं’ येतं, टाळ्याही पडतात, आणि खरं कारण हरवतं. टेक्सासातल्या वंशभेदाला ते कंटाळले होते आणि मूळनिवासींच्या प्रदेशात आपल्याला जास्त मान मिळेल असा त्यांचा हिशेब होता. सुझननी सोबत जायला नकार दिला. दोन्ही बाजू एकेका वाक्यात ठेवा आणि निवाडा करू नका. त्यानंतर सुझन लोकांच्या घरी कामाला जाऊ लागल्या आणि धाकट्या भावंडांना सांभाळणं बेसीवर आलं. मोठ्यानं सांगायचं ते हेच: वडिलांच्या जाण्यापेक्षा आईच्या कामाला जाण्यानं बेसीचा दिवस बदलला.

१९१० मध्ये बेसी ओक्लाहोमातल्या लँगस्टनच्या विद्यापीठात गेली. पैसे एका सत्रातच संपले. परत येऊन लोकांचे कपडे धुवायचं काम धरलं. यावर दोनच वाक्यं बोला.

शिकागोला एक मिनिट पुरे. भावांकडे मुक्काम, केशकर्तनालयात नखं कापण्या-रंगवण्याचं काम. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेल्या भावानं, जॉननं, टोमणा मारला की तिकडच्या बाया विमान चालवतात. हा टोमणा अभिनय करून सांगू नका, संवाद रचू नका. त्याचे नेमके शब्द म्हणून आपले शब्द खपवले जातात. अमेरिकेतल्या वैमानिक शाळांनी स्त्री आणि कृष्णवर्णीय म्हणून दारं बंद ठेवली, तेव्हा ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे रॉबर्ट अ‍ॅबट यांनी फ्रान्सचा मार्ग सुचवला. ती फ्रेंच शिकली, नोव्हेंबर १९२० मध्ये जहाजानं निघाली, फ्रान्समधल्या ल क्रोत्वा इथल्या कोद्रों बंधूंच्या शाळेत न्यूपोर विमानावर शिकली. परवाना १५ जून १९२१.

मुंबईशी सांधा हवा असेल तर जुहूच्या विमानतळाचा वापर करा, पण सालं नीट ठेवा: तिथला मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा, आणि बेसी ३० एप्रिल १९२६ ला अपघातात गेली. दोन्ही एकाच काळातले असल्यासारखं बोललात तर प्रश्नोत्तरांत अडकाल. परकी नावं टाचणात मोठ्या अक्षरात, उच्चारासह लिहा आणि आदल्या रात्री प्रत्येक पाच वेळा मोठ्यानं म्हणा. वॉक्सहॅची हमखास अडखळवतं.