कोळशाने पक्षी काढताना या चुका टाळा

कोळशाने पक्षी काढायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या दोन तक्रारी असतात. एक, कागद, हात, बाह्या, टेबल सगळं काळं होतं. दुसरी, एवढं करूनही पक्षी उठून दिसत नाही, चित्रभर एकच मळकट करडेपणा पसरतो. लोक या दोन्हींवर वेगवेगळे उपाय शोधत बसतात, पण मूळ दुखणं बहुतेक वेळा एकच असतं: गडद काळा फार लवकर आणि फार ठिकाणी कागदावर येतो. तोच सुटा काळा पुढे तळहाताखाली सापडून उजेडाच्या जागांवर जातो, आणि उजेड गेला की काळ्याचाही जोर जातो.

पुण्यात हा नाद असलेल्यांना विषयांची ददात नाही. हिवाळ्यात सकाळी कवडीपाटला किंवा पाषाण तलावावर गेलात तर शेकाट्या, वारकरी, कवड्या खंड्या, बगळे असे काळ्या-पांढऱ्यातले पक्षी समोर असतात. तेवढं जमत नसेल तर खिडकीतला कावळा आहेच. कोळशासाठी त्याच्याइतका चांगला विषय नाही असं माझं मत आहे.

सुरुवातच कडक काळ्याने करणं

दुकानात चारकोल म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. विलो चारकोल म्हणजे जाळलेली नुसती काडी. तिच्यात बांधून ठेवणारं काही नसतं, त्यामुळे ती मऊ, करडी उमटते आणि फडक्याने झटकली तरी बरीचशी निघून जाते. कॉम्प्रेस्ड चारकोल म्हणजे पूड आणि डिंकासारखा पदार्थ एकत्र दाबून केलेली कांडी. खरा काळा तीच देते, पण एकदा कागदात बसली की खोडरबराने पूर्ण निघत नाही. चारकोल पेन्सिलीही वागायला याच जातीच्या. अप्पा बळवंत चौकात जाऊन नुसतं ‘चारकोल द्या’ म्हणालात तर यातलं काय हाती पडेल सांगता येत नाही. नावाने मागा, आणि शक्य असेल तर एक रेघ ओढून पुसून बघा.

पक्ष्याची ढब, प्रमाण, मोठ्या छटा हे सगळं विलोने करा. कॉम्प्रेस्ड कांडी चित्र जवळजवळ उभं राहिल्यावरच उचला.

आधी शिसपेन्सिलीने आउटलाइन काढून वर कोळसा भरायची सवय शाळेपासूनची असते, ती इथे सोडावी लागते. शिशाचा थर गुळगुळीत असल्याने त्यावर कोळसा धरत नाही, आणि तिरप्या उजेडात ती रेघ चकाकते. जोर देऊन ओढलेली पेन्सिल तर कागदात खाच पाडते. मग त्या खाचेत कोळसा शिरत नाही आणि पक्ष्याभोवती पांढरी तार उमटते.

कागद थोडा दाणेदार हवा. फार गुळगुळीत कागदावर पूड नुसती वर तरंगते. हातकागद आवडत असेल तर १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आपल्या शिवाजीनगरलाच आहे. फक्त फार खडबडीत कागद घेऊ नका, डोळ्याचा बारीक तपशील त्यावर तुटक येतो.

कावळा नखशिखांत काळा करणं

आपल्या खिडकीत येणारा कावळा नीट पाहा. कपाळ, डोकं, गळा, पंख काळे, पण मान आणि छाती राखाडी. ही राखाडी पट्टी म्हणजे चित्रकाराची मोठी सोय आहे, कारण तिच्या शेजारी डोक्याचा काळा जास्त न भरताही गडद वाटतो. डोमकावळ्याला ही राखाडी मान नसते. तरीही तो सपाट काळा कधीच दिसत नाही, कारण उन्हात त्याच्या पंखाच्या घडीवर पडलेला प्रकाश पांढऱ्याच्या अगदी जवळ जातो. तलावावरच्या वारकऱ्याचंही तसंच. डोकं आणि मान काळी, अंग पाटीच्या रंगाचं, आणि चोच व कपाळावरचा टिळा पांढराशुभ्र. हे तिन्ही एकाच काळ्याने भरले की वारकऱ्याचं अंग डोक्याला चिकटतं आणि पक्षी बुटका, जड दिसतो.

मी सुचवेन ती पद्धत अशी. आधी सगळ्या पक्ष्यावर विलोची मध्यम करडी छटा द्या आणि फडक्याने हलकेच पसरवा. मग डोळे किलकिले करून पक्ष्याकडे पाहा. तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. सर्वांत उजळ जागा नीडेबल इरेजरने (कणकेसारखं मळता येणारं मऊ खोडरबर) उचलून घ्या: पंखाच्या घडीवरची चकाकी, चोचीच्या पाठीवरची बारीक रेघ. सर्वांत गडद जागा आत्ता नुसत्या मनात नोंदवून ठेवा. डोळा, चोचीच्या दोन भागांमधली फट, पंख पोटाला टेकतो तिथली खाच, शेपटीखालचा अंधार. कावळ्याच्या अंगावर खरा काळा एवढाच असतो. बाकी सगळं करड्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांत बसतं.

डोळ्याशी जरा थांबायला हवं. काळ्या डोक्यात काळा डोळा हरवतो, म्हणून लोक त्याच्याभोवती पांढरं कडं काढतात आणि कावळा भेदरलेला दिसू लागतो. कडं नको. डोळ्याभोवतीची छटा डोळ्यापेक्षा फक्त एक पायरी उजळ ठेवा, वरच्या पापणीची सावली किंचित गडद करा, आणि आकाशाच्या बाजूला एक बारीक ठिपका पहिल्यापासून कोरा राखा. हा ठिपका मधोमध येऊ देऊ नका. कॉम्प्रेस्ड त्याच्यावर गेला तर तो परत पांढरा होत नाही. मग पांढऱ्या पेन्सिलीचं एक टोक टेकवणं एवढाच मार्ग उरतो.

चोचीच्या मुळाशीही नजर जाऊ द्या. तिथे राठ केसांसारखी पिसं पुढे येऊन नाकपुड्या झाकतात, त्यामुळे चोच डोक्याला स्वच्छ रेघेने जोडलेली नसते. तिथे कड मोडली की कावळा एकदम कावळ्यासारखा दिसायला लागतो.

मोबाईलच्या फोटोवरून काढणाऱ्यांसाठी: आकाशासमोर बसलेला काळा पक्षी कॅमेऱ्यात सपाट आकृती म्हणून येतो, कारण कॅमेरा आकाशाचा उजेड सांभाळतो. फोटो काढताना स्क्रीनवर पक्ष्याच्या अंगावर बोट टेकवा, आकाश जळालं, म्हणजे नुसतं पांढरं आलं, तरी चालेल. फोटोत नसलेली चकाकी कागदावर अंदाजाने आणलेली कळते.

बगळ्याला रेघेने घेरणं

पांढरा पक्षी, पांढरा कागद, म्हणून भोवती ठसठशीत काळी रेघ. यातून बगळा येत नाही, त्याचा साचा येतो. पांढरा पक्षी दिसतो तो त्याच्या मागे जे आहे त्यामुळे. विलोची कांडी आडवी धरून मागच्या पाण्याची किंवा झाडीची छटा द्या आणि बगळा त्यातून कोरा सोडा.

पण सगळीकडे सारखीच पार्श्वभूमी नको. बगळ्याच्या उजेडाच्या बाजूला मागची छटा गडद, सावलीच्या बाजूला फिकी. सावलीतला पांढरा खरं तर करडाच असतो. कवडीपाटला सकाळी सूर्य पक्ष्याच्या मागे असला तर बगळ्याचं पोट मागच्या चमकत्या पाण्यापेक्षा सरळसरळ गडद दिसतं आणि फक्त कडा उजळतात. तो तसाच काढायची हिंमत करा. एखाद्या ठिकाणी, मानेच्या मागे वगैरे, पक्षी आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळली तरी बिघडत नाही. पाहणाऱ्याचा डोळा ती कड पुरी करतो.

पांढरा खडू कोळशावर फिरवू नका. दोन्ही मिसळून निळसर, थंड, चिखलट करडा तयार होतो आणि तो पुन्हा साफ होत नाही. खडू वापरायचाच असेल तर करड्या किंवा बदामी कागदावर वापरा, आणि खडू व कोळसा यांच्यामध्ये कागदाचा रंग तसाच राहू द्या.

रंगाच्या तेजाला फसणं

खंड्या काढताना हे हमखास होतं. लाल चोच डोळ्यात भरते, म्हणून ती कागदावर उजळ काढली जाते. निळी पाठ ‘गडद निळी’ म्हणून काळपट होते. प्रत्यक्षात छटेच्या हिशेबाने चोच बऱ्यापैकी गडद असते, डोक्याचा तपकिरी रंग त्याहून गडद, पाठीचा चमकता निळा उन्हात चांगलाच उजळ, आणि गळा-छाती पांढरी. चक्रवाकाचा नारिंगी रंगही कोळशात मध्यम करड्यातच येतो. इथेही डोळे किलकिले करणं हाच उपाय.

पीस न पीस मोजत बसणं

बहुतेक पक्ष्यांच्या पंखाच्या टोकाला नऊ ते अकरा लांब पिसं असतात, पण मिटलेल्या पंखात त्यांच्या फक्त कडा दिसतात. वरची छोटी पिसं कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. हे थर कुठून कुठे जातात तेवढं दाखवा, आणि दोन-तीन पिसंच उजेडात नीट उचला. प्रत्येक पिसाला गडद कड दिली की लहान लहान कॉन्ट्रास्ट मोठ्या उजेड-सावलीला खाऊन टाकतात आणि पंखाची गोलाई जाते.

बोट, फुंकर, पंखा

आता पसाऱ्याबद्दल. बोटाने पसरवणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महागात पडणारं. त्वचेचं तेल कागदावर उतरतं, तिथे कोळसा घट्ट धरतो आणि पुढे खोडताना नेमका तोच डाग राहतो. जुन्या सुती साडीचा किंवा बनियनचा तुकडा, मऊ कोरडा ब्रश, बारीक जागेसाठी पेपर स्टंप (घट्ट गुंडाळलेल्या कागदाची टोकदार कांडी). एवढं पुरतं. स्टंप उजेडासाठी वेगळा आणि अंधारासाठी वेगळा ठेवा.

साठलेल्या पुडीवर फुंकर मारू नका. थुंकीचा बारीक शिंतोडा कागदावर पडला की तिथे टिकली उमटते, आणि उडालेली पूड नाकातोंडात जाते. बोर्ड शक्यतो उभा ठेवून काम करा, म्हणजे पूड आपोआप खाली पडते. बोर्डाच्या खालच्या कडेला वर्तमानपत्राची घडी घालून पन्हळ चिकटवा, पूड तिच्यात जमते. मधूनमधून बोर्ड गॅलरीत नेऊन मागून दोन टिचक्या मारा. काम करताना छताचा पंखा बंद. उन्हाळ्यात हे जड जातं, मग सकाळची वेळ धरावी.

हात टेकायचा असेल तर खाली बटर पेपर ठेवा आणि जागा बदलताना तो सरकवू नका, उचलून ठेवा. उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून वरून सुरू करा, डावखुरे असाल तर उलट.

पावसाळ्यात कागद ओल धरतो, कोळसा सारखा पसरत नाही, ढगाळ ठिपके येतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि त्या महिन्यांत बारीक तपशिलाचं काम जरा बाजूला ठेवा.

फरशीवरची पूड झाडूने झाडली तर घरभर उडते, ती ओल्या फडक्याने टिपून घ्या. कपड्यांचं मात्र याच्या उलट: आधी कोरडे झटका, मग धुवा. ओल्या हाताने चोळलेला कोळसा धाग्यात शिरतो.

चित्र आधीच मळकट झालं असेल तर

फाडू नका. बोर्ड झटका, संपूर्ण चित्रावरून कोरडं फडकं हलकेच फिरवा. पुसट झालेलं चित्र पाहून घाबरू नका, आकार त्यातही दिसत राहतो. आता नीडेबल इरेजर घासू नका, दाबून उचला, मळून स्वच्छ बाजू वर आणा, पुन्हा दाबा. आधी चार-पाच उजेडाच्या जागा परत मिळवा. त्यानंतरच सर्वांत गडद दोन-तीन जागा कॉम्प्रेस्डने द्या. बऱ्याचदा पक्षी एवढ्यानेच वर येतो आणि मधलं काही छेडावंच लागत नाही. इरेजर काळाकुट्ट झाला असेल तर नवा घ्या, तो आता उचलत नाही, पुन्हा माखतो.

फिक्सेटिव्ह आणि काच

फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणारा फवारा, मारल्यावर चित्र थोडं गडद होतं आणि फिक्या छटा दबतात. म्हणून मारण्याआधी उजेड हवा त्यापेक्षा किंचित जास्त उजळ ठेवा, आणि सर्वांत महत्त्वाचे उजेड शेवटी एकदा तपासून घ्या, कारण फिक्स झालेला थर खोडता येत नाही. पहिला फवारा रद्दी कागदावर मारा, सुरुवातीला थेंब येतात. मग साधारण एक फूट लांबून, हात हलता ठेवून पातळ थर द्या, सुकू द्या, पुन्हा एक. हे गॅलरीत, मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून. फिक्सेटिव्हच्या जागी हेअर स्प्रे वापरायचा सल्ला खूप जण देतात, मी देणार नाही: तो काळाने पिवळा पडतो.

फिक्स केलेलं चित्रही बोट फिरवलं तर थोडं निघतंच. सुटी चित्रं ठेवताना दोघांत बटर पेपर घाला आणि गठ्ठ्यावर वजन ठेवू नका. फ्रेम करताना मधे माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून घ्या, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. फ्रेमवाला हलकी पडते म्हणून अॅक्रिलिक शीट सुचवेल, तर कोळशाच्या चित्रासाठी नको म्हणा. अॅक्रिलिक पुसताना त्यावर स्थिर वीज साठते आणि ती कागदावरची पूड ओढून घेते. साधी काच लावा.