जुना भाव काढताना: शेअर बाजारात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला लागा नाहीतर ब्रोकरच्या रिसर्च डेस्कवर, सुरुवातीलाच कुणीतरी हमखास सांगतं, "अमुक कंपनीचा अमुक तारखेचा भाव काढ." काम फालतू वाटतं. वेबसाइट उघडायची, तारीख टाकायची, आकडा उतरवायचा. मी या दोन्ही प्रकारच्या ऑफिसांत बसलो आहे आणि नव्या मुलांना हे काम देताना मुद्दाम तेवढंच बोलून थांबतो. जो "कशासाठी हवाय?" असं विचारतो, त्याला हे काम जमणार हे तिथेच कळतं. कारण एकाच कंपनीचे एकाच तारखेचे तीन-चार वेगळे भाव असू शकतात आणि सगळे बरोबर असतात. त्यातला कुठला घ्यायचा हे काम ठरवतं.

इन्फोसिस घ्या. १९९३ साली पब्लिक इश्यूत तिचा शेअर ९५ रुपयांना दिला गेला. मग १९९४, १९९७ आणि १९९९ मध्ये एकावर एक बोनस (हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट), २००० साली दहा रुपये दर्शनी, म्हणजे कागदावरच्या, किमतीचा शेअर पाचाचा झाला (हा स्प्लिट, एकाचे दोन तुकडे), २००४ मध्ये एकावर तीन बोनस आणि पुढे २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये पुन्हा एकावर एक. इश्यूत मिळालेले १०० शेअर ज्याने हात न लावता ठेवले, त्याच्याकडे आज १,०२,४०० शेअर असतात. आजच्या शेअरच्या हिशेबात ते ९५ रुपये म्हणजे साधारण नऊ पैसे. अॅपवरच्या चार्टमध्ये डावीकडच्या टोकाला जी रेषा जमिनीला चिकटलेली दिसते ती याच पैशांतली. पण नऊ पैशांना इन्फोसिसचा शेअर कुणी कधी घेतलाही नाही आणि विकलाही नाही. तो पाठीमागून भागून काढलेला भाव आहे. याला बाजारात अॅडजस्टेड भाव म्हणतात, आणि त्या दिवशी खरोखर जो सौदा झाला तो कच्चा भाव.

कच्चा भाव हवा असेल तर थेट एक्स्चेंजकडे जावं. एनएसई रोज संध्याकाळी भावकॉपी नावाची फाइल काढते. तिच्यात प्रत्येक शेअरचा उघडा, वरचा, खालचा आणि बंद भाव, किती शेअर फिरले आणि किती रुपयांची उलाढाल झाली हे सगळं असतं. बीएसईचीही असते. एका कंपनीचा वर्षभराचा इतिहास हवा असेल तर दोघांच्या वेबसाइटवर वेगळी सोय आहे. तिथे मिळतो तो त्या दिवशीचा भाव; पुढे बोनस आला म्हणून मागचे आकडे कुणी बदलत नाही. याहू फायनान्ससारख्या ठिकाणी उलट असतं. तिथला 'क्लोज' स्प्लिट-बोनससाठी आधीच सुधारलेला, आणि शेजारचा 'अॅडजस्टेड क्लोज' त्याशिवाय लाभांशही वजा करून काढलेला. मथळ्यावरची बारीक टीप वाचली नाही तर दोन रकान्यांतला फरक समजत नाही.

आता करांचं काम, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर कर परत आला. तोवरचा नफा मात्र सुटावा म्हणून ३१ जानेवारी २०१८ ही तारीख धरली. तुमची खरेदी त्याआधीची असेल तर त्या दिवसाचा एक्स्चेंजवरचा सर्वोच्च भाव पाहायचा. तो भाव आणि तुमची विक्रीची किंमत यांतली कमी असेल ती घ्यायची, आणि ती मूळ खरेदीपेक्षा जास्त असेल तर तीच खरेदी किंमत धरायची. लक्षात घ्या, सर्वोच्च भाव. बंद भाव नव्हे. त्या दिवशी सौदाच झाला नसेल तर त्याआधी ज्या दिवशी शेवटचा सौदा झाला, त्या दिवसाचा वरचा भाव.

इथे अॅडजस्टेड चार्ट उघडून भाव उतरवला की माणूस फुकट जास्त कर भरतो. इन्फोसिसचा ३१ जानेवारी २०१८ चा कच्चा भाव अकराशेच्या वर होता. सप्टेंबर २०१८ मध्ये बोनस आला, त्यामुळे आजच्या चार्टवर त्याच दिवशी त्याच्या निम्मा आकडा दिसतो. पण कर कायद्याच्या नजरेत तारखेनंतर मिळालेल्या बोनस शेअरची किंमत शून्य असते आणि मूळ शेअरला पूर्ण अकराशेचा आधार मिळतो. निम्मा आकडा मूळ शेअरला लावला तर उरलेला निम्मा कुठेच वापरला जात नाही. स्प्लिटचं गणित वेगळं. आयशर मोटर्सचा दहा रुपयांचा शेअर ऑगस्ट २०२० मध्ये एक रुपयाचा झाला आणि एकवीस-बावीस हजारांचा भाव एका रात्रीत एकवीस-बावीसशेवर आला. इथे मूळ शेअरचेच दहा तुकडे झाले, म्हणून ३१ जानेवारीचा भावही दहाने भागायचा. चार्टवर बोनस आणि स्प्लिट अगदी सारखे दिसतात. पण कराच्या कागदावर ती दोन वेगळी माणसं आहेत. आजोबांनी घेतलेले शेअर नातवाने विकले अशा फाइलींत हे तपासायला मी तासन् तास घालवले आहेत, आणि अजूनही मला त्यात मजा येते.

डिमर्जर, म्हणजे एका कंपनीतून दुसरी वेगळी काढणं, आणखी गमतीचं. २० जुलै २०२३ ला रिलायन्समधून जिओ फायनान्शिअल वेगळी निघाली. आदल्या दिवशी एनएसईवर रिलायन्स २,८४१.८५ ला बंद झाला होता. त्या सकाळी खास सत्रात भाव ठरला २,५८०. मधले २६१.८५ रुपये हा बाजाराने नव्या कंपनीला लावलेला भाव, म्हणजे सुमारे सव्वानऊ टक्के. चार्टवाले त्याच प्रमाणात मागचे सगळे भाव खाली ओढतात. पण भागधारकांनी आपली जुनी खरेदी किंमत कशी वाटायची ते कंपनीने कळवलं: रिलायन्सला ९५.३२ टक्के आणि जिओ फायनान्शिअलला ४.६८ टक्के. हे प्रमाण पुस्तकी मालमत्तेवरून येतं, बाजारभावाशी त्याचा संबंध नाही. घटना एकच, गुणोत्तरं दोन. परतावा मोजणाऱ्याने पहिलं घ्यायचं, विवरणपत्र भरणाऱ्याने दुसरं.

लाभांशाबद्दल थोडक्यात. वेदांताने २०२२-२३ मध्ये पाच हप्त्यांत मिळून शेअरमागे १०१.५० रुपये लाभांश दिला. शेअरचा भाव तेव्हा तीनशेच्या आगेमागे होता. नुसता भावाचा आलेख पाहून "वर्षभरात पडला" म्हणणारा तो पैसा विसरतो. याच कारणाने बाजाराची नियामक असलेल्या सेबीने म्युच्युअल फंडांना २०१८ पासून लाभांश धरून मोजलेल्या निर्देशांकाशीच तुलना करायला लावली. आणि हो, जुन्या अहवालांत '१५० टक्के लाभांश' असं वाचलं तर ते दर्शनी किमतीच्या टक्क्यांत असतं, बाजारभावाच्या नाही. शेअर दहाचा असेल तर पंधरा रुपये, एकाचा असेल तर दीड.

बंद भाव हा शब्दही जरा फसवा. एनएसईच्या जुन्या नोंदींतला बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. दुपारी तीन ते साडेतीनमधल्या सौद्यांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी. म्हणून साडेतीनला स्क्रीनवर दिसलेला आकडा आणि संध्याकाळच्या भावकॉपीतला आकडा जुळत नाहीत, आणि नवी मुलं डेटा चुकला म्हणून धावत येतात. दिवाळीच्या दिवशी उलाढाल अगदीच कमी दिसली तर तेही बिघडलेलं नसतं, मुहूर्ताचं सत्र जेमतेम तासाभराचं असतं. १ फेब्रुवारी २०२० आणि १ फेब्रुवारी २०२५ हे दोन्ही शनिवार, तरी भाव आहेत, कारण अर्थसंकल्पासाठी बाजार उघडा ठेवला होता. शनिवार-रविवार सरसकट गाळणारा कोड लिहिलात तर हे दिवस उडतात.

भावाच्या शेजारचा उलाढालीचा रकाना झाकून भाव वाचू नये, हे मला एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स इतकं कुणी पटवून देऊ शकणार नाही. या छोट्या गुंतवणूक कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर आहेत, तरी वर्षानुवर्षं तिचा नोंदलेला भाव तीन-चार रुपये. कारण त्या भावाला विकायला कुणी तयारच नव्हतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला भाव शोधण्यासाठी खास लिलाव झाला आणि ३.५३ रुपयांचा शेअर त्या दिवशी २,३६,२५० वर बंद झाला. चार्टवर ती एका दिवसातली वाढ दिसते. खरं पाहता आधीचा भाव नुसता कागदावर होता.

मेलेल्या कंपन्यांचं काय, हा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. सत्यम ७ जानेवारी २००९ ला, अध्यक्ष रामलिंग राजूंचं हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली देणारं पत्र बाहेर आल्यावर, १७९ च्या आसपासून ४० वर आली. २०१३ मध्ये ती टेक महिंद्रात विलीन झाली, सत्यमच्या १७ शेअरमागे टेक महिंद्राचे २. आज शोधपट्टीत सत्यम टाकलं तर काही सापडत नाही. घरकर्ज देणारी डीएचएफएल २०२१ मध्ये नोंदणीतून गेली आणि भागधारकांच्या हाती शून्य आलं. आजच्या यादीतल्या कंपन्यांचे वीस वर्षांचे भाव काढून "लाँग टर्ममध्ये सगळं वाढतं" असा तक्ता बनवायला सांगितलं, तर जुनी यादी मागा. भावकॉपी जुन्या तारखेची उघडली की त्यात गेलेल्याही असतात.

नावाने शोधण्यावर फार भिस्त ठेवू नका. इन्फोसिसचं एनएसईवरचं चिन्ह, म्हणजे सौद्यांत वापरायचं छोटं इंग्रजी नाव, २०११ मध्ये बदललं, हीरो होंडाचं त्याच वर्षी, झोमॅटोचं २०२५ मध्ये. आयएसआयएन, म्हणजे प्रत्येक शेअरला मिळणारा ओळख क्रमांक, जास्त भरवशाचा, पण दर्शनी किंमत बदलली की तोही नवा मिळतो. बोनसला मात्र तसाच राहतो.

माझ्या शीटमध्ये प्रत्येक भावाशेजारी एक्स्चेंज, कच्चा की अॅडजस्टेड आणि उतरवून घेतल्याची तारीख असे तीन रकाने असतात. शेवटचा पाहून लोक हसतात. एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये एकावर एक बोनस दिला. २०२४ मधल्या एखाद्या दिवसाचा तिचा अॅडजस्टेड भाव जुलै २०२५ मध्ये उतरवलेला एका फाइलीत, सप्टेंबरमध्ये उतरवलेला दुसऱ्या फाइलीत. तारीख तीच, स्रोत तोच, आणि एक आकडा दुसऱ्याच्या निम्मा.