निवारागृहाच्या गाला समारंभात स्वयंसेवक आहात? या चुका टाळा

बेघरांच्या निवारागृहासाठी निधी जमवायचा गाला, म्हणजे मोठा समारंभ, आहे आणि तुम्ही स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय. छान. आता मंचाजवळ उभं राहण्याची हौस घरी ठेवा. संध्याकाळभर काम असतं ते आकडे नीट लिहिण्याचं आणि नेमून दिलेली जागा न सोडण्याचं.

सगळ्यात महागात पडते ती देणगीच्या पुकाऱ्यातली घाई. निवेदक मोठ्या रकमेपासून सुरुवात करून खाली खाली येतो, पाहुणे आपापल्या क्रमांकाची पाटी वर करतात आणि आपण तो क्रमांक टिपायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. मलाही वाटला होता. पहिल्याच फेरीत, म्हणजे सर्वांत मोठ्या रकमेला, मागच्या टेबलावरून पाटी वर गेली. मी ६८ लिहिलं आणि पुढे सरकलो. निघताना ६८ क्रमांकाच्या आजोबांसमोर हिशेब आला, तेव्हा ते अवाक! त्यांनी हात वर केलाच नव्हता. पाटी होती ८९ ची, आणि धरणाऱ्याने ती उलटी धरली होती. पाट्यांवर इंग्रजी अंक होते. त्यांतला ८९ उलटा केला की ६८ दिसतो. खरे देणगीदार तोवर घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या समन्वयक ताईंनी फोन करून ती रक्कम मिळवली, पण त्या फोनवर त्यांना जे ऐकावं लागलं त्याला कारण मी होतो.

तेव्हापासून माझी सवय अशी: पाट्या छापून आल्या की प्रत्येक आकड्याखाली जाड रेघ मारतो. पुकाऱ्यात क्रमांक मोठ्याने परत म्हणतो आणि पाहुण्याने मान हलवल्याशिवाय लिहीत नाही. शेजारी दुसरा लिहिणारा हवाच; फेरी संपली की दोन्ही कागद ताडून पाहायचे. ‘मोबाइलवर व्हिडिओ काढू, नंतर बघून लिहू’ हा शॉर्टकट दर वर्षी कोणीतरी सुचवतं. अंधाऱ्या सभागृहातल्या त्या व्हिडिओत पाट्या सोडून सगळं दिसतं.

सायलेंट ऑक्शनमध्ये, म्हणजे पाहुणे कागदावर बोली लिहितात त्या लिलावात, वेळ संपली की बोलीच्या कागदावर शेवटच्या आकड्याखाली लगेच लाल रेघ मारा. ‘अजून एकच मिनिट’ म्हणणारे दोघे असतात, आणि मग भांडण तुमच्यासमोर होतं.

दुसरी चूक पैशांची नाही, पण मला तिचा जास्त राग येतो. निवाऱ्यात राहणारी एखादी व्यक्ती मंचावर चार शब्द बोलते. ती खाली उतरते न उतरते तोच नवखे स्वयंसेवक सेल्फीला धावतात, वर विचारतात, ‘तुमच्यावर ही वेळ आली कशी?’ अहो, निवाऱ्यात येणाऱ्यांपैकी काही जणी मारझोडीतून जीव वाचवून आलेल्या असतात. तुम्ही टाकलेला एक फोटो, त्यावर ठिकाणाचं नाव, एवढं त्यांना शोधणाऱ्याला पुरतं. मंचावर किती सांगायचं ते त्यांनी ठरवलेलं असतं. त्यापलीकडे खोदू नका. मी तर माझा फोन सामानाच्या खोलीत ठेवूनच सभागृहात शिरतो. फोटोग्राफर नेमलेला असतो, आणि कोणाला टिपायचं नाही याची यादी त्याच्याकडे असते.

बाकीचं पटापट. नवीन बूट घालू नका. कार्डची मशीन चार्ज आहे का, हे पाहुणे यायच्या आधी बघा. पाहुण्यांची यादी छापील हवी, आडनावानुसार एक आणि नावानुसार एक. इंटरनेट नेमकं दारात रांग लागल्यावरच जातं. रोख रक्कम एकट्याने मोजू नका, तुम्ही कितीही प्रामाणिक असा. निवाऱ्यात किती खाटा, जेवण कोण देतं असं पाहुण्यांनी विचारलं आणि नक्की माहीत नसेल, तर ठोकून देऊ नका. माहीत असलेल्या माणसाकडे न्या.

आणि शेवटचे पाहुणे गेले म्हणजे तुमची सुट्टी झाली, असं समजू नका. आवराआवरीत बोलीचे कागद टेबलावरच्या पसाऱ्याबरोबर सरळ कचऱ्यात जातात. पिशव्या उपसून मी ते दोनदा बाहेर काढलेत. तिसऱ्यांदा तुम्ही काढा.