हेलिकॉप्टर पडल्यावर या चुका टाळा

रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर पडलं की बहुतेक जण धावत जातात, तुकडे पिशवीत भरतात आणि घरी येऊन सुट्या भागांची यादी करायला बसतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काय मोडलं हे आंधळ्यालाही दिसतं. आधी काय मोडलं आणि आपटल्यामुळे काय मोडलं, हे शोधायचं असतं. ते जमिनीवर पडलेल्या अवस्थेतच सगळ्यात नीट कळतं.

थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारं रिमोटवरचं बटण) लावा, बॅटरी काढून लांब ठेवा. मग काहीही न हलवता मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. बूमचा, म्हणजे शेपटीच्या नळीचा, तुकडा सांगाड्यापाशीच असेल तर मुख्य पातं बहुधा आपटताना बूमवर बसलं. तो बराच मागे पडला असेल तर घाव हवेतच बसला. बॉल लिंक (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी प्लॅस्टिकची खोबण) फाटलेली, पांढरी पडलेली असेल तर ती धक्क्यानं गेली. बॉलचा स्क्रू अख्खा, आटे शाबूत आणि थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायच्या द्रवाचा) मागमूस नाही, तर तो उडतानाच सुटला असं मी धरतो. मेन गिअरचे (मोटर मुख्य रोटरला ज्यानं फिरवते त्या मोठ्या चक्राचे) एकाच जागचे दात खाल्लेले असतील, तर पाती अडकल्यावरही मोटर फिरत होती, म्हणजे होल्ड उशिरा लागला. तो अपघाताचा परिणाम आहे, कारण नव्हे.

आमच्या मैदानावरच्या एका मुलाचं ४५० या आकाराच्या वर्गातलं हेलिकॉप्टर होव्हरमध्ये (हवेत एकाच जागी तरंगताना) अचानक मुख्य रोटरच्या उलट दिशेनं गरगरलं आणि पडलं. त्यानं टेल रोटर फिरवणारा बेल्ट बदलला, टेलचा सर्व्हो (पात्यांचा कोन हलवणारी छोटी मोटर) बदलला, शेवटी गायरोही (शेपूट स्थिर ठेवणारा सेन्सर) नवा आणला. पुढच्या उड्डाणात पुन्हा तेच. मी त्याच्याकडे फक्त टेलची पाती मागितली. मुख्य पात्यांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि टेलच्या पात्यांवर ओरखडाही नव्हता. म्हणजे आपटताना टेल रोटर जवळजवळ थांबलेला होता! मुख्य रोटर घट्ट धरून टेलचा हब (पाती धरणारा मधला भाग) हातानं फिरवला, तर तो शाफ्टवर सहज घसरला. हबला शाफ्टवर पकडणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या खाचेत बसलेलाच नव्हता, थ्रेडलॉकही नव्हतं, आणि शाफ्टवर घासल्याची चकचकीत रेघ उमटली होती. पाती शाबूत म्हणून त्यानं हबला हातच लावला नव्हता. स्क्रू आणि शाफ्ट अल्कोहोलनं पुसून, स्क्रू खाचेत बसवून, निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब लावला. काम झालं. नवा गायरो मात्र अंगावर पडला. भाग बदलत सुटणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मी नवशिक्यांना सांगून थकलो आहे.

दुसरी चूक म्हणजे वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करणं. करू नका. मेन शाफ्ट (मुख्य रोटरचा उभा दांडा) आणि फेदरिंग शाफ्ट (हेडमधला, दोन्ही पात्यांच्या पकडी ज्यावर बसतात तो आडवा दांडा) दोन्ही बाहेर काढून काचेवर लोळवा आणि खालून येणारा उजेड बघा. उजेडाची फट लुकलुकली की शाफ्ट टाकून द्या. डोळ्यासमोर धरून ‘सरळ वाटतोय’ म्हणणाऱ्यांचं हेलिकॉप्टर मग थरथरतं, त्या थरथरीनं गायरो गोंधळतो आणि हे गायरोचा गेन (संवेदनशीलता) कमी-जास्त करत बसतात. फेदरिंग शाफ्ट तर स्वस्त असतो. जोरात आपटल्यावर मी तो न तपासताच बदलतो.

सर्व्होचा आर्म बॅटरी न लावता, हलक्या हातानं पूर्ण फिरवा. कुठे अडखळला तर आतला दात गेला आहे. मेन गिअरही एक अख्खा फेरा फिरवून दात न् दात बघा. थ्रेडलॉक धातूत धातू जाईल तिथेच, प्लॅस्टिकवर कधीच नाही. फुगलेली किंवा चेपलेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, कितीही नवी असली तरी.

जोडणी झाली की लगेच उडवायची घाई असते. मी आधी मुख्य आणि टेलची पाती काढून, पिच (पात्यांचा कोन) शून्यावर ठेवून मोटर हळूहळू चढवतो आणि बूमच्या टोकाकडे बघतो. टोक धूसर दिसलं तर दोष शाफ्ट, हेड किंवा बेअरिंगमध्ये आहे. पात्यांशिवाय शांत आणि पाती लावल्यावर थरथर, तर पात्यांचं वजन आणि ट्रॅकिंग (दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का) तपासा. त्याआधी ट्रान्समीटरमधली एकही सेटिंग हलवू नका.